भीमाशंकर : बारा महिन्यांचे अरण्य

स्वच्छ हवेच्या दिवशी चाकणच्या औद्योगिक वसाहतीतून पश्चिमेकडे पाहिले, तर कारखान्यांच्या छपरांपलीकडे डोंगरांच्या एकामागे एक अशा निळसर रांगा दिसतात. जवळचा डोंगर भामचंद्राचा. त्याच्यामागे भामा आणि भीमा या नद्यांची खोरी पसरलेली आहेत. आणि अगदी शेवटी, जेथे दख्खनचे पठार संपून कडा एकदम कोकणात कोसळतो, तेथे भीमाशंकरचे अरण्य आहे. या औद्योगिक पट्ट्यापासून अडीच-तीन तासांच्या प्रवासावर इतके दाट, इतके जुने आणि वर्षाच्या प्रत्येक महिन्यात वेगळे भासणारे वन असावे, ही येथील कामगार व नागरिकांच्या दृष्टीने भाग्याचीच गोष्ट म्हटली पाहिजे. मात्र या वनाची ओळख बहुतेकांना दोनच कारणांनी झालेली असते. एक, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून. आणि दुसरे, पावसाळ्यातील एखाद्या रविवारी धबधब्याखाली भिजण्याचे ठिकाण म्हणून. या दोहोंच्या पलीकडचे भीमाशंकर पुष्कळांना अपरिचितच राहिले आहे.

चाकण हे तसे इतिहासप्रसिद्ध गाव. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी येथील भुईकोट संग्रामदुर्ग शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध सुमारे दोन महिने झुंजवला. पुढे हे गाव कांद्याची मोठी बाजारपेठ म्हणून नावारूपास आले. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि त्या पाठोपाठ भोसरी-चिंचवडचा औद्योगिक परिसर वाढत गेला. १९९० नंतरच्या काळात हीच वाढ इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत पोहोचली. मराठवाडा, विदर्भ, खानदेश आणि थेट परराज्यांतून आलेली लक्षावधी माणसे आज या पट्ट्यात पाळ्यांमध्ये काम करतात. त्यांच्या वाट्याला येणारी सुटी बहुधा एका दिवसाची. त्या एका दिवसात घरापासून निघून, मोकळ्या हवेत मनसोक्त चालून, रात्री पुन्हा घरी परतता येईल अशी स्थळे या परिसरात आहेत, आणि त्यांचा उपयोग वर्षभर करता येतो.

चढण्याची सवय नसलेल्यांनी आरंभ जवळच्या डोंगरांपासून करावा हे उत्तम. चाकण-तळेगाव रस्त्यालगतचा भंडारा डोंगर आणि शिंदे-वासुली गावांजवळचा भामचंद्र डोंगर ही दोन्ही स्थळे संत तुकाराम महाराजांच्या चिंतनाची म्हणून वारकऱ्यांच्या आदराची आहेत. दोन्ही ठिकाणी कातळात कोरलेली प्राचीन लेणी आहेत. पहाटे निघावे, उन्हे तापण्यापूर्वी माथा गाठावा आणि न्याहारीपर्यंत खाली यावे, एवढाच हा उपक्रम; परंतु दोन-चार वेळा तो केला, की पायांना चढाची आणि छातीला दमाची सवय होते. भीमाशंकरच्या वाटा यापेक्षा पुष्कळ लांबीच्या आणि खडतर आहेत.

अभयारण्याची घडण

भीमाशंकरच्या वनास वन्यजीव अभयारण्याचा दर्जा १९८५ मध्ये देण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १३१ चौरस किलोमीटर असून ते पुणे, ठाणे व रायगड या तीन जिल्ह्यांत विभागलेले आहे. खेड आणि आंबेगाव तालुक्यांतील घाटमाथा, मुरबाड आणि कर्जत तालुक्यांतील कड्याचा उतार व पायथा असा सारा प्रदेश त्यात येतो. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांतील फरक येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यासही मनाई असते. अभयारण्यात मात्र स्थानिक रहिवाशांचे काही हक्क विहित मर्यादेत चालू राहू शकतात. म्हणूनच भीमाशंकरच्या अरण्यात गावे आहेत, भातखाचरे आहेत, गुरांच्या वाटा आहेत आणि देवराया आहेत. येथे येणारा पर्यटक निर्मनुष्य रानात पाऊल टाकीत नसून पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या महादेव कोळी समाजाच्या आणि अन्य वनवासी बांधवांच्या अंगणातून जात असतो.

हा डोंगर काळ्या अग्निजन्य खडकाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे एकावर एक थर साचून दख्खनचे पठार तयार झाले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या आडव्या पायऱ्या म्हणजे हेच थर होत. पूर्वेकडे पठार हळूहळू उतरत जाते, तर पश्चिमेकडे ते एकदम तुटते. देवस्थानाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे एक हजार मीटर आहे आणि जवळच्या नागफणी टोकावरून पाहिले असता कोकणातील गावे पायाखाली नकाशासारखी मांडलेली दिसतात. या धारेवर पडणाऱ्या पावसाचे भवितव्य काही हातांच्या अंतरात बदलते. धारेच्या पश्चिमेस पडलेले पाणी कोकणात उतरून अरबी समुद्रास मिळते. पूर्वेस पडलेले पाणी भीमेच्या वाटेने पंढरपूरची चंद्रभागा होऊन, पुढे कर्नाटकात कृष्णेस मिळून, बंगालच्या उपसागरापर्यंतचा प्रवास करते.

या पूर्ववाहिनी पाण्याशी औद्योगिक पट्ट्याचा आणि भोवतालच्या शेतीचा संबंध फार जवळचा आहे. भीमेवर राजगुरुनगरच्या वरच्या अंगास चासकमान धरण आहे. त्याच्या कालव्याने खेड व शिरूर तालुक्यांतील शेती भिजते. घोड नदीवर डिंभे, तर भामा नदीवर भामा-आसखेड हे धरण आहे. भामा-आसखेडचे पाणी २०२१ पासून पुणे शहराच्या पूर्व भागासही पुरविले जाते. घाटमाथ्यावरचे दाट वन हे पावसाचे पाणी अडवून, पानगळीच्या थरात मुरवून, झऱ्यांच्या रूपाने हळूहळू सोडणारे एक नैसर्गिक साठवण केंद्रच आहे. ते विरळ झाले, तर तेच पाणी माती घेऊन धावत खाली येते आणि धरणात गाळ साचतो. सुटीच्या दिवशी ज्या झाडांच्या सावलीत माणूस विसावतो, त्यांचे हे दुसरे काम सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

शेकरू आणि त्याचे छत

हे अभयारण्य विशेष प्रसिद्ध आहे ते शेकरूसाठी. शेकरू म्हणजे मोठी झाडखार, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. नाकाच्या टोकापासून झुपकेदार शेपटीच्या टोकापर्यंत मोजला तर हा प्राणी जवळजवळ मीटरभर भरतो. पाठ तांबूस-तपकिरी, पोट व शेपटीचा शेवट फिकट पिवळसर. येथील उपजातीचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये केले आणि मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव तिला दिले. शास्त्रीय नावात ते आजही टिकून आहे.

शेकरू क्वचितच जमिनीवर उतरते. फळे, बिया, फुले, कोवळी पाने व सालही ते खाते आणि एका झाडावरून दुसऱ्या झाडावर सहा मीटरपर्यंतची झेप घेते. डहाळ्या व पाने यांचे गोल घरटे ते उंचावरील बारीक फांद्यांच्या बेचक्यात बांधते. एकच शेकरू अशी अनेक घरटी बांधते. बारीक फांद्या निवडण्यात शहाणपण आहे, कारण जड शत्रू तेथपर्यंत पोहोचू शकत नाही. यावरून एक गोष्ट उघड होते. शेकरूला केवळ झाडे असून चालत नाही. झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले असावे लागतात. रुंद केलेला रस्ता, मोकळे केलेले वाहनतळ किंवा जळून गेलेला एखादा पट्टा यांमुळे हे हिरवे छत मध्येच तुटले, तर अलीकडच्या शेकरूला पलीकडचे रान बंद होते. नकाशावर वनाचे क्षेत्र तेवढेच दिसते. शेकरूच्या लेखी मात्र त्याचे दोन तुकडे झालेले असतात.

शेकरू पाहण्यासाठी फार भटकावे लागत नाही. त्यासाठी मुख्यतः गप्प बसावे लागते. सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांत किंवा दुपार कलल्यावर एखाद्या मोठ्या जांभळाच्या किंवा उंबराच्या झाडाजवळ शांत बसले, की प्रथम खडखड असा आवाज येतो, मग फांदी हलते आणि मग लोंबणारी शेपटी दिसते. ध्वनिक्षेपक लावून जाणाऱ्या टोळक्याला ते दिसत नाही आणि मग ‘येथे काही नाही’ असा शेरा मारून मंडळी परततात! अभयारण्यात बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर हे प्राणीही आहेत; परंतु त्यांचे दर्शन हा योगायोगाचा भाग असून त्यासाठी वाट सोडून रानात शिरणे सर्वथा अयोग्य होय.

ऋतूंचे वेळापत्रक

बारा महिने जाता येण्याजोगे स्थळ याचा अर्थ बारा महिने एकाच रीतीने जाण्याजोगे स्थळ असा नव्हे. येथे वर्षाचे वेळापत्रक डोंगर ठरवतो.

जूनच्या आरंभी ढग कड्याला येऊन थडकतात. घाटमाथ्यावर वर्षाकाठी सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. चाकणला जेमतेम भुरभुर असता येथे दहा पावलांवरचे दिसत नाही, हा नित्याचा अनुभव आहे. या दिवसांत झाडांचे बुंधे शेवाळ्याने व आमरींनी नटतात, ओढ्याकाठी पर्वत कस्तूर माणसासारखी शीळ घालतो आणि कुजलेल्या लाकडांवर उगवणारी काही बुरशी अंधारात फिकट हिरवा प्रकाश देते. या प्रकाशमान बुरशीसाठी भीमाशंकर आता बरेच ख्यात झाले आहे. मात्र रात्री अरण्यात प्रवेश करण्यास परवानगी नसते. तेव्हा हा चमत्कार वन विभागाच्या अनुमतीनेच पाहावा.

पावसाळ्यातील सौंदर्याइतकाच धोकाही खरा आहे आणि त्याबद्दल स्पष्टपणे लिहिणे भाग आहे. ३० जुलै २०१४ रोजी पहाटे आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर डोंगर कोसळला. सकाळी नेहमीप्रमाणे त्या बाजूस गेलेल्या एस.टी.च्या चालकास जेथे गाव होते तेथे चिखलाचा ढिगारा दिसला आणि त्याच्यामुळे बाहेरच्या जगास ही वार्ता कळली. १५१ माणसे त्यात दगावली. वाचलेल्या कुटुंबांसाठी जवळच आमडे येथे नवे गाव वसविण्यात आले आणि २०१७ मध्ये ती तेथे राहावयास गेली. सततच्या पावसाने खडकावरील मातीचा थर पाण्याने जड होतो व चिकटून राहण्याची त्याची शक्ती संपते. उतार तोडलेला, वा पाणी वाहून जाण्याची वाट बुजलेली असेल, तर तो थर एकदम घसरतो. म्हणूनच मुसळधार पावसाच्या इशाऱ्याच्या दिवशी घाटमाथ्याकडे निघूच नये. पावसाळ्यात धोक्याच्या पायवाटा आणि धबधबे वन विभाग काही काळ बंद ठेवतो. त्या बंदीकडे सुटी वाया घालविणारी अडचण म्हणून पाहणाऱ्यांनी माळीणची आठवण ठेवावी.

कर्जतकडून येणाऱ्या पदभ्रमण करणाऱ्यांसाठी पायथ्याच्या खांडस गावातून दोन प्रसिद्ध वाटा आहेत. गणेश घाटाची वाट लांबची पण सोपी. शिडी घाटाची जवळची, परंतु उभ्या कातळाची व लोखंडी शिड्यांची. पावसात शिडी घाट निसरडा होतो आणि अनुभवी माणसांनीही तो त्या दिवसांत टाळणे इष्ट. घाटमाथ्याच्या बाजूने, म्हणजे चाकण-राजगुरुनगरकडून येणाऱ्यांना सर्वांत मनोहर वाट भोरगिरी गावातून आहे. गावामागे भोरगिरीचा छोटा किल्ला व त्याच्या पोटातील लेणी आहेत. तेथून भीमेच्या खोऱ्यातून रानवाटेने दोन-तीन तासांत भीमाशंकरला पोहोचता येते. वाटेत गुप्त भीमाशंकर हे स्थान लागते. ही वाट चढाला अवघड नाही, परंतु धुक्यात फाटे ओळखू येत नाहीत आणि नवखी मंडळी भलत्याच ओहोळात उतरतात. भोरगिरीतील एखादा वाटाड्या बरोबर घेतला, तर वाट चुकण्याची भीती राहत नाही आणि गावात दोन पैसेही राहतात.

सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस ओसरतो आणि सडे सोनकीच्या पिवळ्या व तेरड्याच्या गुलाबी फुलांनी भरून जातात. काही उतारांवर कारवीची दाट झुडपे आहेत. ही वनस्पती सात-आठ वर्षांतून एकदाच, आणि मग सारी एकदम, निळ्या-जांभळ्या फुलांनी बहरते व बी टाकून मरते. कारवीच्या काठ्या उभ्या करून त्यांवर मातीचा गिलावा देण्याची पद्धत घाटमाथ्यावरील जुन्या घरांत दिसते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ, निःसंशय, सर्वांत चांगला. हवा कोरडी व थंड असते, पायवाटा पक्क्या झालेल्या असतात, दूरचे दिसते आणि पानांची गर्दी थोडी कमी झाल्याने पक्षी व शेकरू सहज नजरेस पडतात. लहान मुले व वृद्ध यांना घेऊन यावयाचे असेल, तर याच महिन्यांत यावे. विलक्षण गोष्ट अशी की, महाशिवरात्रीची यात्रा वगळता या सर्वोत्तम दिवसांत येथे तुलनेने कमी माणसे असतात.

उन्हाळा सहसा कोणी निवडत नाही. वास्तविक त्याचेही स्वतःचे वैभव आहे. वसंताच्या सुमारास अंजनीची झाडे खोडाफांद्यांवर निळ्या फुलांचे गुच्छ धारण करतात. एप्रिल-मेमध्ये करवंदे, आंबे आणि जांभळे पिकतात. दाट छताखाली दुपारीही गारवा असतो. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत, घाटमाथ्यावरची काही झाडे असंख्य काजव्यांनी लुकलुकू लागतात. काजवे हे प्रकाशाच्या खुणांनी जोडीदार शोधत असतात. वाहनांचे दिवे व विजेऱ्या यांच्या झोतांनी त्यांचा हा संवाद तुटतो. पाहण्यासाठी आलेल्यांच्याच प्रकाशामुळे काजवे दिसेनासे व्हावेत, ही गोष्ट अलीकडे सह्याद्रीत अनेक ठिकाणी घडू लागली आहे.

याच ऋतूत वणव्याचे भय सर्वाधिक असते. वाळलेल्या गवतावर टाकलेली एक जळती विडी किंवा न विझविलेली चूल पुरेशी होते. वन विभाग आगीचा फैलाव रोखण्यासाठी ठिकठिकाणी जाळरेषा काढतो; तरीही अभयारण्यात कोणत्याही कारणाने विस्तव पेटविणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे प्रत्येकाने जाणून असावे. दुसरी अडचण पाण्याची. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासते हे ऐकून नवल वाटते. परंतु कठीण कातळात पाणी फारसे मुरत नाही आणि तीव्र उतारांवरून ते काही तासांत निघून जाते. माथ्यावरच्या गावांतील स्त्रिया मे महिन्यात झऱ्यांवर हंडे घेऊन थांबतात. तेव्हा पाहुण्याने आपले पिण्याचे पाणी घरूनच आणावे.

हिरडा, देवराई आणि माणसे

उन्हाळ्यातच या डोंगरावरील लोकांचा एक महत्त्वाचा हंगाम येतो, तो हिरड्याचा. आयुर्वेदात मोलाचा मानलेला हिरडा हा वृक्ष खेड, आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांच्या पश्चिम भागात विपुल आहे. त्याची कोवळी फळे, म्हणजे बाळहिरडा, गोळा करून उन्हात काळी होईपर्यंत वाळवतात आणि व्यापाऱ्यांना वा आदिवासी विकास महामंडळाला विकतात. भातशेती पावसाच्या चार महिन्यांची. तिच्यावर वर्ष निघत नाही. मुलांच्या वह्या-पुस्तकांपासून पावसाळ्यापूर्वीच्या बाजारापर्यंतचा खर्च पुष्कळ घरांत या हिरड्यावर भागतो. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातील हिरड्याची झाडे उन्मळून पडली, तेव्हा कुटुंबांचे केवढे उत्पन्न बुडाले असेल याची कल्पना यावरून यावी. अंगणात, रस्त्याच्या कडेला किंवा खडकावर पसरलेली ही काळी फळे तुडवू नयेत, त्यांवरून वाहन नेऊ नये.

देवरायांचा उल्लेख केल्यावाचून या परिसराचे वर्णन पुरे होणार नाही. गावदेवाच्या नावाने राखलेला हा वनाचा तुकडा. त्यातील झाड तोडावयाचे नाही, वाळलेले लाकूडही घरी न्यावयाचे नाही, असा दंडक. पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक व पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यामुळे या लोकपरंपरेचे शास्त्रीय महत्त्व अभ्यासकांच्या ध्यानी आले. भोवतालच्या रानातून नाहीशा झालेल्या वनस्पती देवराईत टिकून राहतात आणि तिच्या कुशीतील झरा सहसा उन्हाळ्यातही वाहतो. कड्याच्या टोकावरील आहुपे या गावची देवराई पाहण्याजोगी आहे. अधिनियम १९७२चा, अभयारण्य १९८५चे. ग्रामस्थांचा हा नियम त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. देवराईत पादत्राणे घालून किंवा गोंगाट करीत जाणे तेथील माणसांना रुचत नाही.

देवस्थानाविषयी येथे थोडेच लिहिणे पुरेसे आहे, कारण ते सर्वपरिचित आहे. मंदिर नागर शैलीचे असून शिखराचे काम नाना फडणवीसांनी करविले. आवारात पोर्तुगीज बनावटीची एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर जी घंटा पेशव्यांच्या मुलखात अनेक देवळांत पोहोचल्या, त्यांपैकी ती होय. श्रावणातील सोमवारी येथे पाय ठेवण्यास जागा नसते आणि वाहनांच्या रांगा घाटात दूरवर लागतात. केवळ अरण्य पाहण्याचा हेतू असेल, तर ते दिवस वगळावेत. औद्योगिक पट्ट्यातील ज्या कामगारांची साप्ताहिक सुटी आठवड्याच्या मधल्या वारी येते, त्यांना येथे मोठीच सोय आहे. रविवारच्या गर्दीचे अरण्य आणि बुधवार-गुरुवारचे अरण्य ही जणू दोन वेगळी ठिकाणे आहेत.

प्रवास आणि तयारी

चाकणहून भीमाशंकरला जाण्यास दोन मार्ग आहेत. पुणे-नाशिक महामार्गाने मंचरपर्यंत जाऊन, तेथून घोडेगाव, डिंभे, तळेघर या मार्गाने जाणारा रस्ता रुळलेला असून एस.टी.ची वाहतूक मुख्यतः त्यावरून चालते. दुसरा मार्ग राजगुरुनगरहून पश्चिमेस वळतो. राजगुरुनगर म्हणजे पूर्वीचे खेड. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचे १९०८ मधील जन्मस्थान. तेथून चास, वाडा या गावांवरून चासकमान जलाशयाच्या काठाकाठाने रस्ता भोरगिरीकडे जातो. चास हे पहिल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई यांचे माहेर. हा रस्ता अरुंद आहे, परंतु भीमेच्या सोबतीने जाणारा असल्याने वेळ हाताशी असणाऱ्याने हाच निवडावा.

तयारी साधीच, पण काटेकोर हवी. तळाला खाचा असलेले बूट, अंगभर कपडे, पावसाळ्यात कपड्यांचा कोरडा जोड, प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, भाकरी-चटणी किंवा दशम्यांसारखी न नासणारी शिदोरी, शिट्टी, विजेरी व प्रथमोपचाराचे साहित्य एवढे पुरते. भ्रमणध्वनीची सेवा रानात बऱ्याच ठिकाणी मिळत नाही, म्हणून कोणत्या वाटेने जाणार व केव्हा परतणार हे घरी आणि पायथ्याच्या गावी सांगून निघावे. माकडांना खाऊ देऊ नये. सवय लागलेली माकडे पुढच्या पाहुण्याच्या हातातील पिशवी ओढतात, आणि गावकऱ्यांच्या परसातही शिरतात. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. ती नसती, तरीही खाऊची रिकामी वेष्टने परत नेणे ज्याने ती आणली त्याचेच काम ठरले असते, कारण घाटमाथ्यावर टाकलेला कचरा पहिल्या जोराच्या पावसात ओढ्यात आणि तेथून थेट धरणात जातो.

अभयारण्यातील प्रवेशाच्या वेळा, बंद असलेल्या वाटा आणि मंदिर दर्शनाची व्यवस्था यांत वेळोवेळी बदल होतात. त्यांची चौकशी वन विभागाच्या नाक्यावर किंवा निघण्यापूर्वीच करून घ्यावी. मुक्काम करावयाचा झाल्यास परिसरातील गावांत घरगुती निवास व भोजनाची सोय होऊ शकते. नाचणीची भाकरी, वरईचा भात आणि पावसाळ्यात रानभाज्या असा तेथील साधा आहार असतो. एका दिवसात परतणाऱ्यांनी दुपारी तीनच्या पुढे रानात थांबू नये. सह्याद्रीच्या खोऱ्यांत सूर्य डोंगराआड लवकर जातो, हिवाळ्यात पाचनंतर झाडांखाली पायवाट दिसेनाशी होते आणि परतीची शेवटची एस.टी. कोणासाठी थांबत नाही.